रिकाम्या पटांगणातली बाराची घंटा

चार माणसं जमली आणि त्यातल्या दोघांच्या हातात चहाचा कप असला की माझ्या अंगात येतं. मी उभा राहतो, आवाज बदलतो, हातवारे करतो. एकदा तर एका लग्नात जेवणाच्या टेबलावर चढलो होतो. माझ्याइतकी नक्कल आमच्या दहावीच्या बॅचमध्ये कुणालाच जमत नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मी याआधी दोनदा सांगितली. दोन्ही वेळा लोक पोट धरून हसले. दोन्ही वेळा ती खोटी होती, आणि ती खोटी आहे हे मला पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत कळू शकलं असतं.

पोटापाण्यासाठी मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे संगणक सांभाळतो, राहतो सावेडीत. शाळा मात्र माझी करंजीचा घाट ओलांडून पलीकडे, तिसगावच्या अलीकडच्या एका गावात. आमच्याकडे आता दर बॅचचं गेट-टुगेदर होतं आणि दर बॅच शाळेला काहीतरी भेट देते. आमच्या आधीच्या बॅचने थंड पाण्याचं मशीन दिलं होतं. त्याआधीच्यांनी लोखंडी कमान दिली, तिच्यावर सगळ्यांची नावं, त्यात दोन नापास झालेल्यांचीही. आम्ही काय द्यायचं यावर ग्रुपवर आठ दिवस भांडणं झाली आणि मग मी एक कल्पना सोडली. आपोआप वाजणारी घंटा!

शाळेत तोवर लिंबाच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. तो वाजवायचे शिपाई मामा. आम्ही आठवीत असताना ते नवीन लागले होते, तेव्हा काळेभोर केस आणि पायात नव्या कोऱ्या चपला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते झाडाखाली उभे राहायचे आणि काटा जागेवर आला की हाणायचे. शाळा सुटल्याची घंटा ते लांब वाजवायचे, हात दुखेपर्यंत. आम्ही म्हणायचो, मामांनाच घरी जायची घाई.

मी बसवलेलं यंत्र पानाच्या डब्याएवढं होतं. आत लिनक्स नावाची संगणकप्रणाली, बाहेर चार कर्णे. लिनक्समध्ये क्रॉन नावाचा एक कारकून बसलेला असतो. त्याच्यापुढे एक यादी ठेवायची. यादीतल्या प्रत्येक ओळीत लिहायचं की किती मिनिटं, किती वाजता, कोणती तारीख, कोणता महिना, कोणता वार, आणि मग काय करायचं. तो दर मिनिटाला यादी वाचतो आणि ज्या ओळीची वेळ आली असेल ते काम करतो. त्याला चहा लागत नाही, तंबाखू लागत नाही, बसची वाट बघावी लागत नाही. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडून झाल्यावर मी हे सगळं माईकवरून सांगितलं, आणि शेवटी मामांकडे हात करून म्हणालो, "मामा, आता तुम्ही बसा. तुमचं काम हा करील!" टाळ्या पडल्या. मामांनीही वाजवल्या. ते महिन्या-दीड महिन्यात निवृत्त होणार होते, एकतीस डिसेंबरला. मला वाटलं, मी त्यांना सुट्टीच देतोय.

मुख्याध्यापिकाबाईंनी एकच जादा मागणी केली होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकसभा असते. शनिवारची शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. त्या दिवशी मुलं पटांगणात थांबतात आणि सभा चालते. "भाषणं संपतच नाहीत हो सर," बाई म्हणाल्या. "पहिल्या शनिवारी बरोबर बाराला शाळा सुटल्याची लांब घंटा ठेवा. घंटा झाली की वक्ता कोणीही असो, खाली बसेल." मला ही मागणी इतकी आवडली की मी उभ्याउभ्याच ओळ लिहिली. पहिला शनिवार म्हणजे एक ते सात तारखेच्या मधला शनिवार. तारखेच्या रकान्यात एक ते सात, वाराच्या रकान्यात शनिवार, वेळ बारा. स्वतःवर खूश होऊन मी घाट उतरलो.

एक डिसेंबर, सोमवार. दुपारी सव्वाबाराला बाईंचा फोन.

"सर, घंटा वाजली."

"वाजणारच मॅडम. घंटाच आहे ती."

"बारा वाजता वाजली. शाळा सुटल्याची. आठवी-नववी घरी गेली."

"आणि दहावी?"

"दहावी सगळ्यात आधी गेली."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी म्हणालो, कुणीतरी खोडी केली असेल. कारण यंत्राला एक लाल बटण होतं, लाईटचा किंवा इतर काही घोटाळा झाला तर हाताने वाजवायला. ते ऑफिसातल्या कपाटाशेजारी होतं, आणि कपाटाशेजारी मामांचं स्टूल.

मंगळवारी पुन्हा फोन. पुन्हा बारा वाजता, पुन्हा शाळा रिकामी. या वेळी मुलं दप्तरं भरूनच बसली होती म्हणे.

"ऑफिसात कोण होतं तेव्हा?" मी विचारलं.

"मामाच होते. पण ते म्हणतात, मी हात लावला नाही."

आणि इथे मी ते वाक्य बोललो. ते सुचलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. "मॅडम," मी म्हणालो, "मशीनला बोट नसतं."

बाईंनी यंत्राचा प्लग काढून ठेवला. आठवडाभर मामांनी पुन्हा रूळ वाजवला. मी आठ तारखेला रजा काढून गेलो. प्लग लावला, आवाज तपासला, घड्याळ तपासलं. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. सगळ्या ओळी माझ्याच, सगळ्या सुंदर. बारा वाजायच्या आधी बाई, दोन शिक्षक आणि मी ऑफिसात उभे राहिलो. बारा वाजले. काही झालं नाही. बारा वाजून एक मिनिट झालं. मी जादूगारासारखे दोन्ही हात पसरले. "बघा! चूक यंत्रात असती तर आजही वाजली असती."

मामा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, एक सांगू का? शनवारी बी वाजती ही."

"शनिवारी वाजणारच, मामा. साडेअकराला."

"तसं न्हाई. पोरं गेल्यावर. मी वर्ग झाडीत असतो, कुलपं लावीत असतो. बाराला वाजती. लांब. कुनीच नसतं तवा. दोन शनवार म्या ऐकलीय."

मी त्या वेळी काय करायला हवं होतं ते आमच्या धंद्यातला कालचा पोरगाही सांगेल. क्रॉन जे जे करतो त्याची नोंद ठेवतो. एक फाईल असते, लॉग म्हणतात तिला. तारीख, वेळ, कोणती ओळ चालली, सगळं. बटण दाबून वाजवलं तर त्यात काही येत नाही; क्रॉनने वाजवलं तर येतं. ती फाईल उघडायला एक आज्ञा लागते आणि वाचायला दोन मिनिटं. त्यात बारा वाजताच्या चार ओळी सापडल्या असत्या, नोव्हेंबरचे दोन शनिवार आणि डिसेंबरचे दोन दिवस. लॅपटॉप माझ्यासमोर टेबलावर उघडाच होता.

पण बाहेर आमच्या बॅचचा एक जण गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. त्याच्या मळ्यात वांगी भाजत ठेवली होती, बाजरीच्या भाकरी चालू होत्या, पाच-सहा जण जमले होते. आणि माझ्या डोक्यात मामांची गोष्ट तयार झाली होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत: रुळाची सवय सुटत नाही, हात शिवशिवतो, म्हातारा इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि बोट हळूच बटणाकडे जातं... इतकी चांगली गोष्ट तपासायची कशाला?

"मामा," मी गंभीर चेहरा करून विचारलं, "शनिवारी बारा वाजता कुणाची शाळा सुटते? लिंबावरच्या भुतांची?"

शिक्षक हसले. बाईसुद्धा हसल्या. मामा पाण्याचा जग घेऊन गेले.

त्या दुपारी भरीत खाताना मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. उभं राहून, मामांच्या चालीसकट. एकाला ठसका लागला.

बाईंनी मामांना लेखी समज दिली. त्यांचाही इलाज नव्हता. दोन दिवस शाळा अर्ध्यावर सुटली म्हणून पालकांनी तक्रार केली होती, आणि इंजिनिअरने सांगितलं होतं की यंत्र निर्दोष आहे. कागदावर मामांची पोच घेतली, प्रत त्यांच्या सेवापुस्तकाला लागली. इतक्या वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता, हे मला बाईंनीच फोनवर सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो. यंत्र कपाटात गेलं, बटणही आत गेलं, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

एकतीस तारखेला निरोप समारंभ. फेटा, शाल, श्रीफळ. बॅचतर्फे मी बोलायला उभा राहिलो. दोन वाक्यं कौतुकाची झाली, आणि मग समोरची गर्दी बघून माझा तोल गेला. मी स्टूल मागवलं. स्टुलावर मामांसारखा बसलो. घड्याळ बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि एक बोट काढून ते असं लांबवलं, असं लांबवलं, की सातवीतली पोरं आधीच ओरडायला लागली, "दाबा मामा, दाबा!" मी दाबलं. मंडप कोसळायचा बाकी राहिला. कुणीतरी व्हिडिओ काढला, पाच मिनिटांत तो ग्रुपवर आला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मामा फेट्याखाली हसत होते, नजर स्वतःच्या चपलांकडे. नंतर मी नमस्कार करायला वाकलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लई हुबेहूब केलं, साहेब."

मी ते कौतुक समजलो. खरंच समजलो.

दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, मी कारखान्यात डबा उघडत होतो. फोन वाजला.

"सर," बाई अगदी सावकाश बोलत होत्या, "कपाट बंद आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. मामा काल निवृत्त झाले. आणि घंटा वाजली."

डबा तसाच झाकला. मला त्याच क्षणी सगळं कळलं. लॉग बघायच्याही आधी.

एक तारीख!

क्रॉनचा एक जुना नियम आहे. यादीत तारीख आणि वार दोन्ही लिहिले, तर तो दोन्ही जुळायची वाट बघत नाही. यांपैकी एक जुळलं तरी त्याला पुरतं. मी लिहिलं होतं एक ते सात तारीख, शनिवार. माझ्या मनात होतं, त्या सात दिवसांतला शनिवार. त्याने वाचलं, ते सातही दिवस, आणि शिवाय प्रत्येक शनिवार. म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर शाळेत बारा वाजता घंटा. म्हणून आठ तारखेला माझ्यासमोर शांतता. आणि म्हणून दर शनिवारी, शाळा सुटून अर्धा तास झाल्यावर, रिकाम्या पटांगणात ती लांब घंटा, जी फक्त मामांनी ऐकली. हा नियम मी स्वतः कारखान्यातल्या नव्या मुलांना शिकवतो. फळ्यावर लिहून शिकवतो, वर विनोद करतो.

दोन तारखेला सकाळीच शाळेत पोचलो. बाईंनी कपाट उघडून दिलं आणि त्या वर्गावर गेल्या. लॉग उघडला. प्लग काढलेला तो एक सोडून सगळे शनिवार होते. ते दोन दिवस होते. कालचा होता. प्रत्येकापुढे बारा, शून्य, शून्य. मामांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं, त्यांच्यापेक्षाही कमी शब्दांत.

मी ती ओळ बदलली. यादीत नुसता शनिवार ठेवला आणि तारीख सातच्या आत आहे का, हे घंटा वाजवणाऱ्या स्क्रिप्टलाच बघायला लावलं. काम पाच मिनिटांचं. बाई परत आल्या. "काय झालं होतं सर?"

आणि हा माणूस, जो टेबलावर चढतो, जो भर मंडपात दुसऱ्याच्या चालीने चालतो, त्याच्या तोंडून निघालं, "व्होल्टेज. लाईटचे झटके बसतात ना, मॅडम. आता नाही होणार."

"मग मामांनी तेव्हा...?"

"ते आता जाऊ द्या. निवृत्तच झालेत."

घाट उतरताना मी स्वतःला समजावत होतो: दुरुस्ती तर झाली ना. आता कुणाला त्रास नाही. दुरुस्तीने आणखी काय होतं ते मला पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी कळलं.

दहा जानेवारीला दुपारी बाईंचा फोन आला. आवाजात हसू. "अहो, आज गंमत झाली. मामा आले होते. म्हणाले, बाई, शाळा सुटली तरी थांबा, बाराला तुम्हाला काहीतरी ऐकवतो. अर्धा तास उन्हात उभं केलं मला. मी म्हटलं म्हातारं माणूस आहे, थांबावं. बारा वाजले, काही नाही. पाच मिनिटं थांबलो. काही नाही. मग म्हणाले, चुकलं माझं, आणि गेले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना सर? तुमचं ते भुतांच्या शाळेचं आठवलं मला."

मामांकडे एकच पुरावा होता. तो मी पाच मिनिटांत पुसून टाकला होता. त्यांना आता स्वतःच्या कानांचीही खात्री उरली नसेल.

रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. मामा अंगणात पोतं अंथरून तुरीच्या शेंगा निवडत होते. "या साहेब," म्हणाले, आणि आत पाणी सांगितलं. मी बसलो. रस्त्यात मी सगळं भाषण तयार केलं होतं, कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मामा, घंटा वाजत होती. दर शनिवारी. बाराला. चूक माझी होती, यादीत लिहिताना. तुम्ही बरोबर होतात."

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "मंग काल का न्हाई वाजली?"

"दोन तारखेला मी दुरुस्त केली. गुपचूप. बाईंना खोटं सांगितलं."

"म्हंजी तवाच ठाव हुतं तुमाला."

"हो."

"आन् आठ तारखेला? तवा?"

"तेव्हा माहीत नव्हतं. पण यंत्र स्वतःच नोंदवही ठेवतं. ती बघितली असती तर कळलं असतं. दोन मिनिटांत. मी बघितलं नाही."

"का?"

खरं उत्तर एकच होतं आणि ते फार लहान होतं. "गोष्ट मजेदार झाली होती," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आठवीत मी झाडावर चढून रूळ बांधलेली तार सोडली होती, तेव्हा जसं बघितलं होतं तसं. मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"त्ये ऱ्हाऊ दे बाजूला. माजं एक काम कर. ती परत वाजू दे. एकदाच. बाईला ऐकवायचीय." मग पुन्हा शेंगा हातात घेत म्हणाले, "आन् तुला बी. तू तरी कुठं ऐकलीय?"

त्याच संध्याकाळी मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "लेखी द्या." मी दिलं. त्यांनी समज मागे घेतल्याचा कागद सेवापुस्तकाला लावला. जुना कागद काढता येत नाही म्हणे. दोन्ही तिथेच राहणार, एकामागे एक. ग्रुपवर मी व्हिडिओच्या खाली खरं काय झालं ते लिहिलं. चारच ओळी, एकही विनोद नाही. दोघांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, "पुढचा भाग कधी?"

सतरा तारखेच्या शनिवारी सकाळी मी यंत्राच्या यादीत जुनी, चुकलेली ओळ जशीच्या तशी पुन्हा लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चूक केली आणि चारदा तपासली.

साडेअकराला शाळा सुटली. मुलं गेली, शिक्षकांच्या मोटारसायकली गेल्या. बाई, मामा आणि मी पटांगणात उभे राहिलो, लिंबापासून थोडे अलीकडे. रूळ अजून तिथेच लटकत होता. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मामा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"आता," ते म्हणाले.

घंटा वाजली. चारही कर्ण्यांतून, लांब. रिकाम्या शाळेत तो आवाज मला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा होता. भिंतीवरची पाखरं उडाली. बाईंनी डोक्यावरचा पदर उगाच नीट केला. संपल्यावर त्या मामांना म्हणाल्या, "ऐकली, मामा."

मामांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "तुज्या त्या वहीत आली का ही?"

मी ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला, लॉग काढला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. सतरा जानेवारी, बारा, शून्य, शून्य. आवाज न बदलता.

"समदे वाच."

मग मी वर गेलो आणि नोव्हेंबरमधल्या पहिल्या नोंदीपासून बाराची एकेक ओळ वाचत खाली आलो. एकाही ओळीला कुणी हसलं नाही. दहा जानेवारी आली तेव्हा मी थांबलो. तिथे काहीच नव्हतं. मामा वाट बघत राहिले.

"दहा जानेवारी," मी म्हणालो. "नोंद नाही. माझ्यामुळे."

"हां," मामा म्हणाले. "आता काढ ती चुकल्याली ओळ."